फॅनी लू हॅमर यांची चाळीस एकर

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले जाते. मार्टिन ल्युथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स ही नावे आपल्या पोरांना शाळेच्या पुस्तकाआधी जयंतीच्या व्याख्यानमालेत कळतात. बाबासाहेबांनी १९४६ साली द्यु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यावयाच्या निवेदनाबद्दल विचारणा केली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच तिकडून आले. एवढे जवळचे नाते असूनही फॅनी लू हॅमर हे नाव आपल्या सभांमधून फारसे ऐकू येत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना ते मताधिकाराच्या लढ्यातील एक शूर बाई म्हणून ठाऊक आहे. ते खरेच आहे, पण तिथे तिची गोष्ट संपत नाही. मताचा अधिकार मिळाल्यावर या बाईने उरलेले आयुष्य जमीन, भाजीपाला आणि डुकरे यांच्यामागे घालवले. शेतमजूर बाईला मत मिळाले तरी तिची चूल दुसऱ्याच्या मर्जीवरच पेटणार असेल तर ते मत टिकत नाही, हे तिला अनुभवाने कळले होते.

फॅनी लू टाऊनसेंडचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपी राज्यात झाला. आईबापांची ती विसावी आणि शेवटची संतती. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर तालुक्यात आले. तिकडे त्याला काऊंटी म्हणतात. मिसिसिपीचा हा डेल्टा प्रदेश म्हणजे काळीभोर, सुपीक जमीन आणि नजर पोहोचेल तिथवर कापूस. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना चित्र डोळ्यांसमोर आणायला अवघड जाणार नाही. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांचीच राहिली आणि राबणारे हात काळ्यांचेच. मधला दुवा होता बटईचा. मालक जमीन देई, बी-खत उसने देई, पोटाला लागणारे पीठमीठ आपल्याच दुकानातून उधार देई आणि साल संपले की हिशेब करी. हिशेब करणारा मालक, वही मालकाची, काटाही मालकाचा. बटईदाराकडे निम्मे पीक यायचे, त्यातून उधारी वजा व्हायची आणि बहुतेक वेळा बाकी निघायची ती मालकाचीच. आपल्याकडच्या सालगड्याला हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

या बटईत बाईचा हिशेब कुठे होता? कुठेच नव्हता. करार कुटुंबप्रमुखाशी, म्हणजे पुरुषाशी. शेतात उतरायचे मात्र सगळ्या घराने. खुरपणीला बाई, वेचणीला बाई, वेचणीच्या रांगेमागे झोळीत निजलेले मूल तिचेच, आणि संध्याकाळी मालकिणीच्या घरची धुणीभांडी करून मग स्वतःची चूल पेटवायची तीही तिनेच. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. मोळी मात्र बायकोच्या डोक्यावर. कोयता हा शब्द मिसिसिपीत नव्हता, पद्धत तीच होती.

फॅनी लू सहा वर्षांची असताना मालकाने तिला दुकानातल्या खाऊचे आमिष दाखवून कापूस वेचायला लावले. एकदा वही सुरू झाली की ती बंद होत नाही. तेराव्या वर्षी ही मुलगी दिवसाला दोनशे ते तीनशे पौंड, म्हणजे शंभर किलोच्या आसपास कापूस वेचत होती. पोलिओने पाय अधू झालेला, तरी. शाळा काळ्या मुलांसाठी वर्षातून जेमतेम चार महिने, कापसाचे काम नसेल तेव्हा. तिला वाचनाची गोडी होती, परंतु सहा वर्षांत शाळा सुटली.

तिच्या आईविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे बी तिथे आहे. मळ्यांवरची वेचणी आटोपली की ही माऊली मुलांना घेऊन मैलोन् मैल चालत एकेका मळ्यावर जायची आणि बोंडांत अडकून राहिलेला कापूस मागून वेचून घ्यायची. थंडीत जमिनीवर दहिवर गोठलेले असे आणि पायांना बूट नसत, चिंध्या गुंडाळलेल्या असत. असा कापूस गोळा करून ती एखादी गाठ पुरी करी आणि त्यावर हिवाळ्याचे धान्य येई. मळेवाल्यांकडे डुकरे कापली जात तेव्हा ती कामाला जाई आणि मोबदला म्हणून मुंडकी, पाय, आतडी घरी आणी. हे वाचताना आपल्या जुन्या माणसांना काय आठवेल ते लिहिण्याची गरज नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, तेव्हा ते फक्त एका पदार्थाबद्दल बोलत नव्हते. दुसऱ्याने टाकलेल्यावर जगण्याची सवय त्यांना मोडायची होती. मिसिसिपीतील त्या आईला ते सांगणारा कोणी नव्हता, पण वीस मुले जगवायची होती. शेतात झाडे तोडताना काहीतरी उडून तिच्या डोळ्याला लागले, इलाज झाला नाही आणि शेवटची वर्षे तिने आंधळेपणात काढली.

एकदा या घराने डोके वर काढले होते. बापाने पैसे साठवून खेचरे, गायी, अवजारे घेतली, जमीन खंडाने घेतली. आता बटई सुटणार अशी आशा निर्माण झाली. एका रात्री कोणी गोऱ्याने जनावरांच्या दाणापाण्यात विष कालवले. जनावरे मेली, कुटुंब परत बटईवर आले. काळ्या माणसाने गरीब असायला त्या गावाची हरकत नव्हती, त्याने स्वतःच्या औताने शेती करायला होती. आपल्याकडे गायरानात दलिताने पेरलेले पीक रात्रीत जनावरे घालून चारले जाते किंवा उभेच्या उभे नांगरले जाते. त्यामागचा राग ओळखीचाच आहे.

१९४४ च्या सुमारास फॅनी लूचे लग्न पेरी हॅमर या ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाशी झाले आणि दोघे रुलव्हिल गावाजवळच्या मार्लो यांच्या मळ्यावर राहू लागले. तिथे त्या अठरा वर्षे होत्या. लिहिता-वाचता येते हे पाहून मालकाने त्यांना वेळ आणि वजन लिहून ठेवण्याचे काम दिले. मजूर बाईसाठी ही केवढी तरी बढती. इथे त्यांनी जे केले ते मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठे वाटते. मालकाच्या काट्याला लावायचे वजन खोटे होते, वेचलेला कापूस कमी भरे. हॅमरबाईंनी खरे वजन स्वतःजवळ बाळगले. मालक समोर नसला की त्या काटा बदलत आणि वेचणाऱ्यांचा कापूस खरा मोजत. मालक आला की पुन्हा जुने वजन. या कामात सभा नाही, घोषणा नाही, पेपरात नाव नाही. पकडल्या गेल्या असत्या तर काय झाले असते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९६१ साली पोटातील गाठ काढण्यासाठी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरने गाठीबरोबर गर्भाशयही काढून टाकले. विचारले नाही, सांगितलेही नाही. मालकाच्या घरच्या गप्पांतून ही बातमी स्वयंपाकघरात आली आणि तिथून त्यांच्यापर्यंत पोहोचली. हे त्यांच्या एकटीच्या वाट्याला आले नव्हते. मिसिसिपीत गरीब काळ्या बायकांवरच्या अशा शस्त्रक्रियांना लोकांनी एक उपहासाचे नावच ठेवले होते, इतके ते सर्रास होते. हाताला काम हवे, पोटात पोर नको, हा मळ्याचा न्याय. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे डॉक्टरने न विचारता कापले असे नाही. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो, उचल फिटत नाही, म्हणून बाई स्वतःच कर्ज काढून दवाखान्यात गेली. यातले जास्त क्रूर कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या अनुभवाने हॅमरबाई इतक्या पोळल्या होत्या की संततिनियमन आणि गर्भपात या दोन्हींकडे त्या काळ्यांचा वंश खुडण्याचा डाव म्हणून पाहत. बाबासाहेबांची भूमिका याच्या नेमकी उलट. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा प्रस्ताव आणला होता, कारण वारंवारच्या बाळंतपणांनी गरीब बाईचा देह आणि संसार दोन्ही खचतात हे ते पाहत होते. मला बाबासाहेबांची बाजू बरोबर वाटते. परंतु जिच्या शरीरावर तिला न विचारता सुरी चालवली गेली तिला संततिनियमनाचे नाव काढताच संशय यावा, यात तिची चूक काढण्याचा अधिकार मला नाही. निर्णय बाईचा असला पाहिजे, एवढ्यावर दोघांची भेट होते.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये रुलव्हिलच्या चर्चमध्ये तरुण कार्यकर्त्यांची सभा झाली आणि काळ्या माणसालाही मत देता येते हे हॅमरबाईंना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळले. ३१ ऑगस्टला सतरा जणांसोबत त्या बसने इंडियानोला या तालुक्याच्या गावी नाव नोंदवायला गेल्या. परीक्षेत राज्यघटनेतील एका कायदेशीर कलमाचा अर्थ विचारला गेला. मळ्यावर राबणाऱ्या बाईला ते कलम काय माहीत! नापास. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली, कारण काय तर बसचा पिवळा रंग फार पिवळा आहे. दंड भरून गावी आल्या तो मालक दारात उभा. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. त्या रात्रीच त्यांनी मळा सोडला. अठरा वर्षांची नोकरी एका अर्जापायी गेली. नवऱ्याला मात्र हंगाम संपेपर्यंत तिथेच राबावे लागले. दहा दिवसांनी, ज्या घरात त्या निजत होत्या त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या.

पुढचा इतिहास बराच लिहिला गेला आहे, म्हणून धावता घेतो. जानेवारी १९६३ मध्ये त्यांचे नाव अखेर मतदार यादीत आले. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण करवली, तीही दोन काळ्या कैद्यांच्या हातून. मूत्रपिंड आणि डोळा कायमचे दुखावले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सारे देशासमोर सांगितले. त्या बोलत असताना टीव्हीवरून त्या दिसू नयेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावले, पण रात्रीच्या बातम्यांत देशाने ती साक्ष पाहिलीच. मिसिसिपीच्या ६८ प्रतिनिधींना, ज्यांत बहुतेक काळे होते, दोन जागांची भीक देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली. आपल्या पुढाऱ्यांना दोन जागांचे किती आकर्षण असते ते आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

त्याच वर्षी हॅमरबाई काँग्रेसच्या निवडणुकीसाठी पक्षांतर्गत लढतीत उभ्या राहिल्या. समोर होते जेमी व्हिटन. प्रतिनिधीगृहात शेतीखात्याच्या खर्चावर ज्या उपसमितीची पकड होती तिचे हे अध्यक्ष. पराभव ठरलेलाच होता. पण कापूस वेचणाऱ्या बाईने शेतीच्या तिजोरीच्या राखणदाराला आव्हान दिले हा योगायोग समजू नये. अन्न कोणाच्या हातात आहे हे त्या ओळखून होत्या. १९६२ च्या हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काऊंटीने गरिबांना वाटायचे सरकारी धान्य बंद केले होते, कारण काळे लोक मतदार नोंदणी करू लागले होते. हजारोंच्या चुली विझल्या. गावाने महारवाड्यावर बहिष्कार टाकून दळण-मीठ बंद करावे, तेच हे. फरक इतकाच की इथे बहिष्कार सरकारी शिक्क्याने पडला.

दुसरे संकट यंत्राचे. कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली. खुरपणी आणि वेचणी ही दोन कामे मुख्यतः बायकांची आणि मुलांची. नेमकी तीच संपली. यंत्रावर कोण बसणार? पुरुष. १९६५ साली डेल्टामध्ये शेतमजुरांचा संप झाला तेव्हा दिवसभर खुरपणाऱ्याला तीन डॉलर मिळत, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सहाच्या आसपास. म्हणजे बाईचे काम आधी अर्ध्या मोलाचे, मग बिनमोलाचे आणि शेवटी नाहीसे. आपल्याकडे हार्वेस्टर आला, तणनाशकाचा पंप आला, तेव्हा निंदणाऱ्या बायांच्या रोजाचे काय झाले याची मोजदाद कोणत्या शेतकरी संघटनेने केली? कर्जमाफीच्या मोर्चात शेतमजूर बाईची मागणी पत्रकाच्या शेवटच्या ओळीत तरी असते का? असो.

मजूर बेकार होत असताना मळेवाले मात्र सरकारी पैशावर पोसले जात होते. सनफ्लॉवर काऊंटीतच सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा हजारो एकरांचा मळा होता. जमिनीचा काही भाग कापसाखाली न आणल्याबद्दल आणि कापसाच्या आधारभावापोटी त्यांना १९६७ च्या एका वर्षात दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्याच तालुक्यात काळी मुले कुपोषणाने सुजत होती. हॅमरबाईंना मूल झाले नाही, दोन मुली त्यांनी दत्तक घेतल्या होत्या. त्यातली थोरली १९६७ साली गेली. कुपोषणाने खंगलेली, रक्तस्राव होत असलेली ही लेक घेऊन त्या दवाखान्याच्या दारांवरून फिरवल्या गेल्या. मुलगी वाटेत गेली. तिच्या दोन तान्ह्या पोरी मग हॅमरबाईंनीच वाढवल्या.

यानंतर त्या भाषणे करीत फिरल्या, पण पैसा गोळा केला तो जमिनीसाठी. सुरुवात डुकरांपासून झाली. १९६८ साली डोरोथी हाईट यांच्या नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन या काळ्या स्त्रियांच्या संघटनेने मदत दिली आणि चाळीस-पन्नास डुकरे घेतली गेली, बहुतेक माद्या. यालाच डुकरांची बँक म्हणत. कुटुंबाला गाभण मादी मिळे. ती विली की पिल्ले त्या घराची, मादी परत बँकेत. पिल्लांपैकी दोन माद्या मोठ्या करून पुढच्या दोन घरांना द्यायच्या. व्याज नाही, तारण नाही, सही करायला नवरा लागत नाही. विधवा, टाकलेली, एकटी बाई, कोणीही चालते. कारण परसात डुक्कर पाळणे, त्याला उष्टे-खरकटे घालणे, हिवाळ्यासाठी मांस खारवून ठेवणे ही कामे बायका पिढ्यान् पिढ्या करीतच होत्या. थोड्याच वर्षांत शेकडो घरांत हिवाळ्याचे मांस आले. आज बचतगटांच्या शेळीपालनाच्या योजनांत वापरली जाणारी कल्पना यापेक्षा फार वेगळी नाही. आपल्याकडे डुक्कर म्हटले की आधी जात आठवते आणि तोंड वाकडे होते. ते तोंड आपल्या शिकलेल्या मंडळींचेही होते. पण उपाशी पोराच्या ताटात जे पडते त्याला नाके मुरडणारा समाज पोराला दुसरे काही वाढत नाही.

१९६९ साली देणग्यांतून पहिली चाळीस एकर जमीन घेतली गेली. शेताचे नाव फ्रीडम फार्म. यादवी युद्ध संपताना, १८६५ साली, मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस एकर जमीन देण्याचा हुकूम निघाला होता आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला होता. शंभर वर्षांनी एका वेचणारणीने तितकीच जमीन वर्गणीतून उभी केली. पुढे आणखी ६४० एकरांचा सौदा झाला. काही भागात कापूस आणि सोयाबीन, ते हप्ते आणि करासाठी. बाकीच्या भागात चवळी, भेंडी, रताळी, भुईमूग, पालेभाज्या, काकडी. ज्याने राबावे त्याने भाजी न्यावी, आणि दहावा हिस्सा जे राबू शकत नाहीत अशा घरांना. सभासदत्वाची वर्गणी महिना एक डॉलर. तेवढीही सुमारे तीसच कुटुंबांना परवडे, तरी दीड हजार कुटुंबे सभासद मानली गेली. शेताच्या आधाराने घरे बांधली गेली, शिवणकामाचे केंद्र आले, लहान मुलांच्या शाळेला बळ मिळाले. मळेवाल्याने हाकलले तर जायचे कुठे, या भीतीला पहिल्यांदा उत्तर सापडले.

हे वाचताना १९४७ सालचे स्टेट्स अँड मायनॉरिटीज आठवल्याशिवाय राहत नाही. जमीन राज्याच्या मालकीची असावी, गावकऱ्यांनी जातपात न पाहता सामुदायिक शेती करावी, ना जमीनदार राहावा ना कूळ ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी बाबासाहेबांनी त्यात केली. हॅमरबाईंनी ते वाचले असण्याचा संभव नाही. त्यांना राज्याची सत्ता मिळाली नव्हती, म्हणून देणग्यांवर भागवावे लागले. आणि तिथेच शेत अडले.

१९७१ साली वादळ झाले, पुढच्या वर्षांत कधी पूर, कधी कोरड. नगदी पीक गेले की हप्ता थकतो. सरकारी शेतीकर्जाची दारे काळ्यांना बंद होती. शेतीखात्याने कर्जवाटपात भेदभाव केल्याचा दावा पुढे काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ साली न्यायालयात नेला आणि १९९९ साली सरकारला तडजोड करावी लागली. तोवर बहुतेकांची जमीन गेली होती. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते, त्यातले बहुतेक बटईदारच. शतक संपता संपता ते वीस हजारांच्या आत आले. फ्रीडम फार्मही यातून सुटले नाही. मोठा तुकडा आधी गेला आणि १९७६ पर्यंत कर भागवायला उरलेली जमीनही विकावी लागली. शेताचा कारभार पाहणारा विश्वासू माणूस १९७४ साली वारला होता आणि हॅमरबाई स्वतः आजारी होत्या. व्यवस्थापन कच्चे होते, हिशेब नीट नव्हते, असे अभ्यासक लिहितात. ते खरे असेल. पण शेजारच्या मळेवाल्याला नापिकीतही सरकारी धनादेश मिळत होता, हेही त्याच पानावर लिहावे.

काळ्या पुरुषांशी भांडणे हे आपले काम नाही, असे हॅमरबाई गोऱ्या स्त्रीवाद्यांना सांगत. १९७१ साली नॅशनल विमेन्स पोलिटिकल कॉकस या स्त्रियांच्या राजकीय संघटनेच्या स्थापनेत मात्र त्या होत्या. गोऱ्या मालकिणीचे स्वातंत्र्य काळ्या मोलकरणीच्या पाठीवर उभे राहते, हे त्या उघड बोलत. आपल्या स्त्रियांनी १९४२ च्या नागपूर परिषदेपासून हेच सवर्ण भगिनींना सांगितले आहे. पण दुसरी बाजूही पाहू. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत आपल्या बाया कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. गायराने कसली गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. त्या सातबाऱ्यांवर नावे कोणाची लागली? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खात्यांपैकी बायकांच्या नावची खाती जेमतेम चौदा टक्के, आणि त्यातली दलित बायकांची किती असतील याचा अंदाज करावा. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने निघालेल्या सबळीकरण योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत पती-पत्नी दोघांच्या नावे, आणि विधवा-परित्यक्तांना आधी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. सरकारी भावात जमीन विकायला मालक तयार नसतो, म्हणून अर्ज कचेरीत पडून राहतात. या योजनेसाठी मोर्चा काढायचा तर पुढे कोणी चालावे, हे वेगळे सांगायला नको. आणि अर्ज भरताना बायकोचे नाव आधी लिहायला आपल्या कार्यकर्त्याचा हात का अडखळतो, तेही त्याने स्वतःला विचारावे.

१४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू या काळ्यांनीच वसवलेल्या गावातील दवाखान्यात, कर्करोगाने, हॅमरबाईंचे निधन झाले. वय एकोणसाठ. हाती पैसा नव्हता. त्यांना रुलव्हिलमध्ये, फ्रीडम फार्मसाठी घेतलेल्या जमिनीच्या एका तुकड्यात पुरले आहे. १९९२ साली पेरी हॅमर गेले तेव्हा त्यांची कबरही शेजारीच झाली. २०१२ मध्ये तिथे बाईंचा पुतळा उभा राहिला. बाकीच्या जमिनीवर आज दुसऱ्यांचे पीक उभे असते.